घटस्थापनेपूर्वीची लस

1918 सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबई इलाख्यात ज्या तापाने घरेच्या घरे अंथरुणाला खिळवली आणि ज्याला आपल्या वाडवडिलांनी ‘मानमोडी’ हे अन्वर्थक नाव दिले, तो इन्फ्लुएन्झाच होता. मुंबई शहरात मृत्यूंचा कहर ऑक्टोबरच्या आरंभी झाला आणि त्या वर्षीचा दसरा 15 ऑक्टोबरला होता, म्हणजे घट बसण्याच्याच दिवसांत हा अनर्थ चालला होता. माणसाला हा रोग जडवणारा विषाणू 1933 साली हाती लागला. त्या पिढीजवळ लस नव्हती. आपल्याजवळ ती आहे, आणि तरीही तिच्याविषयी आपण जी उदासीनता दाखवतो तिचे मला मनापासून दुःख होते.

वणीकरांनी तर अधिकच सावध असावे. आश्विनात नाशिक-दिंडोरीच्या वाटेने सप्तशृंगीच्या दर्शनास निघालेला भाविकांचा ओघ आपल्या गावावरून नांदुरीकडे जातो, आणि त्याच सुमारास द्राक्षबागांची छाटणी सुरू होऊन सुरगाणा-पेठकडील मजूर कुटुंबे दाटीवाटीने राहू लागतात. खोकल्याच्या तुषारांतून पसरणाऱ्या रोगाला याहून अनुकूल काळ तो कोणता? लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, आणि घटस्थापनेआधीचा पितृपक्षही तेवढ्याच मुदतीचा असतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी, ज्येष्ठातच, लस घेणे उत्तम असले तरी ज्यांचे तेव्हा राहून गेले त्यांनी निदान अनंत चतुर्दशीच्या आत दंड पुढे करावा; पितृपक्षात नवे काम नको, ही सबबही मग उरत नाही.

विषाणू रूप पालटत असल्यामुळे गतवर्षीच्या लशीवर यंदा विसंबून चालत नाही. गर्भवती, वृद्ध, सहा महिन्यांवरील लहान मुले आणि मधुमेह, दमा वा हृदयविकार असलेले यांनी ती अगत्याने घ्यावी. टोचण्याच्या लशीतील विषाणू मृत असतो, तेव्हा तिच्यामुळेच फ्लू होतो हा समज निराधार आहे. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल, इतकेच. लस घेऊनही काहींना फ्लू होतो हे खरे, परंतु तो जिवावर बेतण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

उत्सवाच्या बंदोबस्ताची बैठक भरेल तेव्हा ग्रामपंचायतीने पाणी आणि दिवाबत्तीइतकीच तापाच्या रुग्णांचीही तजवीज करावी, आणि बागायतदारांनी आजारी मजुराचा रोज न कापता त्याला घरी निजू द्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणि वाचकहो, तापासोबत धाप लागली, छातीत दुखू लागले वा मूल दूध पिईनासे झाले, तर गावठी उपायांत रात्र न दवडता दवाखाना गाठा. या रोगावरील औषध पहिल्या 48 तासांत सुरू झाले तरच त्याचा पुरेपूर गुण येतो.