घराचे पावसाचे पाणी व सांडपाणी : विश्रांतवाडी परिसरासाठी काही सूचना

पुणे शहराच्या ईशान्येस आळंदी रस्त्यावर विश्रांतवाडी वसलेली आहे. तिच्या सभोवतालची धानोरी, कळस, लोहगाव ही गावे एके काळी पूर्णतः शेतीची होती. लोहगावचा राहिलेला भाग २०१७ मध्ये महानगरपालिकेत आला. शेताचे प्लॉट पडले, बांध मोडले, ओघळी बुजविल्या गेल्या आणि त्यांवर घरे उभी राहिली. परंतु टेकाडावरून उतरणारे पाणी आपली जुनी वाट सोडीत नाही. घराची जागा पूर्वी ओघळीची होती किंवा कसे, हे गावातील वयस्कर शेतकऱ्यांस विचारून घेणे हे पावसाळ्याच्या तयारीचे पहिले काम होय.

पुण्याचा वार्षिक पाऊस सरासरीने सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. हा आकडा पाहून पुष्कळ घरमालक निर्धास्त राहतात. ते बरोबर नाही. नुकसान वर्षाच्या बेरजेने होत नाही, एखाद्या तासाच्या सरीने होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेला मुठेचा पूर सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात आंबील ओढ्याने जो अनर्थ केला, तो ढगफुटीसारख्या काही तासांच्या पावसाने. त्यात अनेकांचे प्राण गेले.

एका सरीत किती पाणी येते याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी जमते. ३० फूट रुंद व ४० फूट लांब गच्ची सुमारे १११ चौरस मीटर भरते. तिच्यावर तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस झाल्यास जवळजवळ ६,७०० लिटर पाणी खाली येते. आता दुसरी बाजू पाहावी. शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे पाच माणसांच्या घरातून दिवसाला ६७५ लिटरांहून अधिक सांडपाणी जात नाही. गच्चीचे एका तासाचे पाणी हे त्या घराच्या दहा दिवसांच्या सांडपाण्याइतके झाले!

गच्चीचा नळ मैलापाण्याच्या चेंबरात सोडण्याची जी चाल सर्रास दिसते, तिचे परिणाम या हिशेबावरून ध्यानात येतील. नळकारागिराचे काम सोपे होते, चार फूट पाइप वाचतो. परंतु दहा दिवसांचे पाणी एका तासात घेण्यास ती वाहिनी बांधलेली नसते. ती तुंबते आणि मैलापाणी तळमजल्यावरील न्हाणीच्या जाळीतून उलटे घरात येते. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडास याची गंधवार्ताही नसते. म्हणून गच्चीचे पाणी स्वतंत्र नळाने पावसाळी गटारात, शोषखड्ड्यात किंवा विहिरीच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात न्यावे. पुनर्भरणासाठी पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडून द्यावे व नंतरचे गाळूनच घ्यावे.

आपल्या घरी जोड कसा आहे हे ठाऊक नसल्यास बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ती गच्चीच्या तोंडाशी ओतावी आणि मैलापाण्याच्या चेंबरचे झाकण उघडून पाहावे. निळे पाणी तेथे आल्यास जोड चुकीचा आहे. ग्रामसेवकांनी हा प्रयोग वस्तीतील एखाद्या घरी सर्वांसमक्ष करून दाखवावा.

पाणी उलटे येऊ नये म्हणून काही लोक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घेतात. हा उपाय चांगला आहे. परंतु गच्चीचा जोड तसाच ठेवून तो केल्यास अपाय होतो. बाहेरची वाहिनी भरली की झडप मिटते, आणि मग आपल्याच गच्चीचे पाणी आपल्याच घरात चढते. म्हणून आधी जोड तोडावा, मग झडप बसवावी. झडप मिटलेली असताना घरातील नळही बंद ठेवावेत.

नळाच्या आकाराविषयी एवढे लक्षात ठेवावे की, तासाला ७५ मिलिमीटर पाऊस धरल्यास १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा नळ सुमारे ५७ चौरस मीटर छतास पुरतो. वरील गच्चीस असे दोन नळ लागतील. जमिनीतील सांडपाण्याच्या १०० मिलिमीटर नळास दर १० फुटांस २ इंच उतार द्यावा व तो पाणसळीने तपासावा. कारागिराच्या नजरेवर विसंबू नये.

पिण्याच्या पाण्याचा जमिनीतील हौद हा सर्वांत नाजूक भाग होय. त्याच्या झाकणाची कड अंगणात आजवर चढलेल्या पाण्याच्या खुणेहून निदान नऊ इंच उंच असावी. गढूळ पाणी आत शिरल्याचा संशय आला तरी हौद रिकामा करून धुवावा. नव्याने भरल्यावर हजार लिटरांस अडीच ग्रॅम या प्रमाणात चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर घालावी, व किमान अर्धा तास पाणी वापरू नये.

जेथे सेप्टिक टँक आहे तेथे तो उन्हाळ्यातच उपसून घ्यावा. काळ्या जमिनीतील शोषखड्डा पावसात पाणी शोषीत नाही. खाली मुरूम लागेपर्यंत तो खोल न्यावा. टाकीत माणूस कदापि उतरवू नये. आतील विषारी वायूने क्षणात प्राण जातो, आणि अशा धोकादायक सफाईस माणूस लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा यंत्रानेच करवावा.

ज्यांचे गोठे अद्याप आहेत त्यांनी पत्र्याच्या पागोळ्यांचे पाणी पन्हळीने खतखड्ड्यापासून दूर न्यावे. नाही तर खताचा कस वाहून जातो.

ही कामे मृग नक्षत्रापूर्वी उरकावीत. ज्येष्ठ वद्य नवमीस श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्यास जाताना विश्रांतवाडीवरून जाते. तोवर बहुधा पहिले पाऊस होऊन गेलेले असतात. त्या पावसांत कोठे पाणी साचले, कोणते चेंबर भरले, याच्या खुणा खडूने भिंतीवर करून ठेवाव्यात व राहिलेली डागडुजी त्या आठवड्यात करून घ्यावी. पालापाचोळ्याने गच्चीचे तोंड मात्र पुन्हा पुन्हा बुजते. ते दिवाळीपर्यंत दर आठवड्यास हाताने साफ करावे लागते.