उकिरड्याचे पांग

प्रस्तावना

'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' अशी मराठीत एक म्हण आहे. कितीही वाईट दिवस असले तरी ते कधीतरी पालटतात, हा तिचा आशय. या म्हणीत शेतकऱ्याचा जुना अनुभवही दडलेला आहे. ज्या उकिरड्याकडे पाहून लोक नाक मुरडतात, त्याचेच पुढे सोन्यासारखे खत होते. मात्र त्यासाठी बारा वर्षे थांबावे लागत नाही. योग्य पद्धत वापरल्यास तीन-चार महिने पुरतात. ती पद्धत कोणती, हे या पाठात पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याचे कारण सांगू शकाल;
• कंपोस्ट खत कसे तयार होते, याचे वर्णन करू शकाल;
• आच्छादनाचे फायदे स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे शहर. तेथील कारखाना १९५९ मध्ये सुरू झाला आणि देशाच्या अनेक भागांतून, महाराष्ट्रातूनही, माणसे तेथे कामासाठी आली. पोलादाच्या कारखान्यात भंगार फेकून देत नाहीत. ते पुन्हा भट्टीत जाते आणि त्याचे नवे पोलाद होते. जुनवानी हा याच भिलाईचा एक भाग. तेथे घरे आणि शिक्षणसंस्था एकाच परिसरात आहेत. घरातून भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा निघतो. शाळेच्या आवारातून पाचोळा, पेन्सिलीची सालपटे, कागदाचे कपटे आणि डब्यातले उरलेले अन्न निघते. या साऱ्याचीही एक भट्टी असते. फरक एवढाच, की तिला कोळसा लागत नाही.

ही भट्टी म्हणजे कंपोस्टचा ढीग. त्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी सूक्ष्मजीव काम करतात. त्यांना चार गोष्टी लागतात : ओला कचरा, सुका कचरा, हवा आणि पाणी. ओल्या कचऱ्यातून नत्र मिळते, तर पाचोळा, पेंढा व कागद यांतून कर्ब मिळतो. केवळ ओला कचरा साठवला तर तो सडतो व दुर्गंधी सुटते. केवळ पाचोळा ठेवला तर तो महिनोन्महिने तसाच राहतो. म्हणून ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर दोन ते तीन पट सुक्या कचऱ्याचा थर द्यावा आणि वर मूठभर माती किंवा जुने खत पसरावे. ढिगात पिळलेल्या फडक्याइतकाच ओलावा असावा. पुरेसा मोठा ढीग नीट रचला, तर काही दिवसांत त्याचे तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या उष्णतेने रोगजंतू व तणांचे बी बऱ्याच अंशी नष्ट होते. ढीग थंड होऊ लागला की तो वरखाली करावा, म्हणजे आतपर्यंत हवा पोहोचते.

या जुन्या ज्ञानाला शास्त्रीय रूप देण्याचे मोठे काम इंदूरमध्ये झाले. होळकर संस्थानच्या या राजधानीत १९२४ मध्ये वनस्पती-संशोधनाची एक संस्था स्थापन झाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण व गोमूत्र यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. १९३१ मध्ये दोघांचे याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ही 'इंदूर पद्धत' पुढे जगभर पोहोचली. विकतचे खत न परवडणाऱ्या लहान शेतकऱ्यालाही स्वतःच्या शेतातून खत मिळावे, हे तिचे महत्त्व होते.

छत्तीसगडी भाषेत खताच्या खड्ड्याला 'घुरवा' आणि परसबागेला 'बारी' म्हणतात. २०१९ मध्ये त्या राज्याने 'नरवा, गरुवा, घुरवा, बारी' या नावाने ग्रामविकासाचा कार्यक्रम हाती घेतला. २०२० मध्ये हरेली सणाच्या दिवशी दोन रुपये किलो दराने शेण विकत घेण्याची योजनाही सुरू झाली. त्या शेणापासून महिला बचतगटांनी गांडूळखत तयार केले. ज्याला किंमत नव्हती, त्याला किंमत आली.

सर्वच कचरा कुजवायची गरज नसते. पाचोळा झाडाच्या बुंध्याभोवती दोन-तीन इंच जाडीने पसरला, तर त्याला आच्छादन म्हणतात. उन्हाळ्यात त्यामुळे मातीतील ओल टिकते, पाणी कमी लागते व तण वाढत नाही. पुढे तोच पाचोळा मातीत मिसळतो. मात्र आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये. तेथे बुरशी धरते. पाचोळा जाळणाऱ्याला हे सारे फायदे गमवावे लागतात आणि पदरी पडतो तो केवळ धूर.

या कामात एक गोष्ट मात्र चुकता कामा नये. काच, प्लॅस्टिक, वापरलेले सेल आणि चकचकीत मेणचट कागद ढिगात जाऊ देऊ नये. सेलमधील विषारी धातू खतातून भाजीत उतरू शकतात. शिवाय एकत्र केलेला कचरा शेवटी कोणाच्या तरी हातांनीच वेगळा करावा लागतो. फुटलेली काच त्या हाताला कापते. कचऱ्याच्या मोठ्या डोंगरात हवेअभावी ओला कचरा सडून मिथेन वायू तयार होतो व आगी लागतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली, ती याच कारणांमुळे. घरात दोन डबे ठेवायला फारसा खर्च येत नाही. पण त्यामुळे एका माणसाची जखम टळते आणि एका झाडाला अन्न मिळते.

शब्दार्थ

पांग फिटणे – दैन्य संपणे
कर्ब – कार्बन
नत्र – नायट्रोजन
आच्छादन – झाकण, पांघरूण

पाठगत प्रश्न

१. केवळ ओला कचरा साठवल्यास काय होते?
२. ढीग वरखाली का करावा?
३. इंदूर पद्धतीचा लाभ कोणाला व का झाला?

स्वाध्याय

१. 'कंपोस्टचा ढीग ही एक भट्टीच आहे', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. तुमच्या घरातील एका आठवड्याच्या कचऱ्याची ओला, सुका व घातक अशी यादी करा. त्यातील काय बागेत वापरता येईल, ते लिहा.
३. तुमच्या बोलीत उकिरड्यासाठी कोणता शब्द आहे? त्याविषयीची म्हण किंवा वाक्प्रचार मिळवून लिहा.