न्हाणीघराच्या भिंतीला लाकूड की टाइल?

कोल्हापुरात जुलैचा पाऊस लागला की फळ्यांचे दार चौकटीत अडकू लागते. फुगते ती दाराची रुंदी. उंची जवळजवळ तेवढीच राहते. असे का? लाकडाचे तंतू उभे असतात. पाणी शिरले की ते जाड होतात, लांब होत नाहीत.

न्हाणीघर दुरुस्त करताना थंड देशांप्रमाणे कमरेइतक्या उंचीपर्यंत लाकडी पट्ट्या लावण्याचा मोह काहींना होतो. पट्टीची कड शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसवतात, आणि फुगण्यासाठी जोडात थोडी मोकळीक ठेवतात. पण आपण तांब्याने पाणी घेणारी माणसे! त्या मोकळिकीतून ओल आत जाऊन बसते. म्हणून टाइलच बरी.

मात्र भिंतीच्या टाइलचा एखादा तुकडा घेऊन पाहा. झिलईवर ठेवलेला पाण्याचा थेंब तसाच राहतो, मागील बाजूवरचा पाहता पाहता जिरतो. हे केशाकर्षण. नळीची त्रिज्या ०.५ मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते, ०.०१ मिलिमीटर असेल तर, गणिताप्रमाणे, जवळजवळ दीड मीटर! टाइलमागच्या विटांत अशी बारीक छिद्रे असंख्य असतात. पाण्याला वाट मिळते ती दोन टाइलांमधील दरजांतून. तेव्हा टाइलचा रंग घरच्यांना निवडू द्या. गवंडी जाण्यापूर्वी दरजांवरून बोट तेवढे तुम्ही फिरवा.