ईजीआर बंद करू नका, साफ करून घ्या

मासळीची पिकअप ओढत नाही, काळा धूर टाकते म्हणून गॅरेजमध्ये नेली की कधी सल्ला मिळतो, "ईजीआरला पत्रा मारून बंद करूया." हो म्हणण्याआधी हे वाचा.

ईजीआर म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. या धुरात ऑक्सिजन कमी, त्यामुळे आतलं जळण जास्त तापत नाही आणि छातीला त्रास देणारे नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की व्हॉल्व्ह बहुतेक मिटतो. म्हणजे चांगला ईजीआर गाडीची ताकद खात नाही.

घाण मात्र होते, हे खरं. डिझेलची काजळी आणि ऑइलची वाफ मिळून डांबरासारखा थर बसतो. व्हॉल्व्ह उघडाच अडकला की हवा कमी पडते, गाडी दम टाकते. जेटीवर बर्फ भरेपर्यंत इंजिन चालू ठेवलं, नुसत्या छोट्या फेऱ्या मारल्या, की थर लवकर वाढतो.

बंद केल्यावर विषारी वायू वाढतो. पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणाच मोजतात, म्हणून तिथे ते कळतही नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीत तर कॉम्प्युटर ते पकडतो, दिवा लागतो, कधी ताकदही कमी करतो.

म्हणून आधी एअर फिल्टर बघा, मग व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड उघडून साफ करून घ्या. बाहेर गळती नसताना कूलंट कमी होत असेल तर ईजीआर कूलरही तपासा. आणि गाडी उभी असली की इंजिन बंद ठेवा, डिझेलही वाचेल.