दृष्टिपटलाच्या विकारात डोळ्यात दिले जाणारे इंजेक्शन

‘डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागेल’ असे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले की घरातील सर्वांच्या मनात प्रथम सुईची भीती येते. किती वेळा द्यावे लागेल, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. रायपूर शहरातील बूढापारा व लगतच्या मराठी कुटुंबांसाठी काढलेल्या या पत्रकात त्या प्रश्नाला म्हणूनच अधिक जागा दिली आहे.

डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल असते. त्याच्या मध्यभागामुळे, म्हणजे मॅक्युलामुळे, आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो. मधुमेह अनेक वर्षे असल्यास तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात. प्राणवायू अपुरा मिळाला की दृष्टिपटल ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते. त्यामुळे वाहिन्या झिरपतात, नव्या ठिसूळ वाहिन्या फुटतात आणि मॅक्युलाला सूज येते. वार्धक्यातील मॅक्युलाच्या विकाराचा ‘ओला’ प्रकार आणि दृष्टिपटलाच्या शिरेतील अडथळा यांतही हेच प्रथिन कारणीभूत असते. इंजेक्शनातील औषध त्याला निष्प्रभ करते.

बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब व अफ्लिबरसेप्ट ही त्यांतील प्रचलित औषधे होत. बेव्हासिझुमॅबला अमेरिकेत 2004 साली आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. रॅनिबिझुमॅब हे खास डोळ्यासाठीचे औषध 2006 साली आले. वार्धक्यातील विकारात या दोहोंची तुलना करणाऱ्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दृष्टीला होणारा लाभ जवळपास सारखाच आढळला. स्वस्त औषध सुचवले म्हणजे हलका उपचार, असे समजू नये. मात्र बेव्हासिझुमॅब मोठ्या कुपीतून लहान मात्रांत विभागले जाते. ते निर्जंतुक पद्धतीने भरले आहे ना, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

प्रत्यक्ष क्रिया थोडक्यात आटोपते. थेंब घालून डोळा बधिर करतात, पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छ करतात आणि बुबुळापासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर, पांढऱ्या भागातून, बहुधा केवळ 0.05 मिलिलिटर औषध आत सोडतात. गर्भारपण, नजीकच्या काळातील हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, तसेच डोळ्याचा कोणताही संसर्ग आधीच सांगावा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकदा झाली की काम संपते, असा आपला अनुभव असतो. त्याच हिशेबाने पुष्कळ रुग्ण एका इंजेक्शननंतर बरे दिसू लागताच येणे थांबवतात. हे औषध व्हीईजीएफला काही आठवडेच रोखते. ते प्रथिन तयार होण्याचे मूळ कारण तसेच राहते. म्हणून सुरुवातीस साधारणतः दरमहा एक मात्रा देतात आणि पुढील अंतर ओसीटी तपासणी पाहून ठरवतात. मध्येच खंड पडल्यास सूज परतते. मॅक्युलाच्या पेशी एकदा नष्ट झाल्या की नंतरच्या इंजेक्शनांनी ती दृष्टी परत मिळत नाही. रक्तातील साखर व रक्तदाब यांचा उपचारही सोबत चालू हवाच.

इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसणे किंवा एक-दोन दिवस बुडबुडे तरंगताना दिसणे सहसा घातक नसते. वेदना वाढत जाणे, लाली वाढणे, उजेड सहन न होणे, दिसणे अंधुक होत जाणे, ही मात्र डोळ्याच्या आतील संसर्गाची चिन्हे असू शकतात. असा संसर्ग विरळा, पण झाल्यास बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसतो आणि काही तासांचा उशीरही महाग पडतो. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. डॉक्टर परवानगी देईपर्यंत डोळा चोळू नये, तलावात स्नान करू नये. काजळ, गुलाबपाणी, मध यांना डोळ्यापासून दूर ठेवावे.

घरी एक सोपी तपासणी करता येते. चष्मा लावून, एक डोळा झाकून, खिडकीच्या गजांकडे पाहावे. मग दुसऱ्या डोळ्याने. सरळ गज वाकडे किंवा मध्ये तुटलेले दिसल्यास पुढील तारखेची वाट पाहू नये.

शहरात डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय आणि टाटीबंध येथील एम्स या दोन्ही ठिकाणी नेत्ररोग विभाग आहेत. खर्च आयुष्मान योजनेत बसतो का, हे रुग्णालयातील आयुष्मान कक्षात आधीच विचारावे; 70 वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, 2024 पासून या योजनेत स्थान मिळाले आहे. येताना जुने ओसीटी अहवाल आणावेत आणि घरचे कोणी सोबत असावे, कारण बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर काही तास नीट दिसत नाही. ठरलेली तारीख चुकलीच, तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबू नये; त्याच आठवड्यात नवी तारीख मागून घ्यावी.