वायसर लहान, नुकसान मोठे

आम्ही कापडाचे व्यापारी. पन्हा न मोजता माल उचलणाऱ्याला आम्ही अडाणी म्हणतो. पण गोदामातील नळाला वायसर बसवताना आम्हीच मोजमाप विसरलो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गोल कापून आत घातला. चार दिवस नळ गप्प राहिला. पाचव्या रात्री तुकडा फाटला, मोरी तुंबलेली होती, आणि सकाळी खालच्या थराचे तागे भिजलेले सापडले. चूक आमचीच. म्हणून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो.

वायसर घेण्याआधी त्याचे काम ओळखावे. कामे तीन: पाणी अडवणे, दाब पसरवणे आणि नट सैल होऊ न देणे.

पाणी अडवायला नरम वायसर लागतो. अर्धा इंची नळ म्हणजे अर्ध्या इंचाचा वायसर, असे नाही. ते माप पाइपाचे आहे. म्हणून टाकीचा कॉक बंद करून जुना वायसर काढावा आणि तोच दुकानात न्यावा. व्यास, भोक आणि जाडी तिन्ही जुळली पाहिजेत. साधे रबर गरम पाण्याने कडक होऊन चिरते. गीझरच्या नळासाठी उष्णता सोसणारा वायसर मागावा. आतली पितळी बैठक खरखरीत झाली असेल तर नवा वायसरही लवकर कापला जातो. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांत बहुधा असा वायसर नसतोच, आतला पूर्ण भाग बदलावा लागतो.

दाब पसरवायला पत्र्याचा चपटा वायसर. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ६.४ मिलिमीटर भोकाचा वायसर येतो. लाकडावर रुंद वायसर घ्यावा, नाहीतर नट लाकडात रुततो. ओल्या जागी स्टेनलेस स्टीलचा घ्यावा.

हादऱ्याच्या ठिकाणी स्प्रिंग वायसर वापरतात. तो नटाला लागून आणि चपटा वायसर त्याच्या खाली असावा. क्रम उलटा करू नये.

कारखान्याच्या किंवा गोदामाच्या पत्र्यावर हुकाच्या बोल्टला आधी डांबरी वायसर, त्यावर लोखंडी वायसर, मग नट. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात पाडल्यास तिथेच पाणी साचून गळते.

गॅस सिलिंडरच्या तोंडातील रबरी रिंग मात्र बाजारातून आणून स्वतः बसवू नये. एजन्सीच्या माणसाला बोलवावे. कुकरची रिंगही त्याच कंपनीची घ्यावी.

सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरांहून जास्त पाणी वाया जाते.

हार्डवेअरच्या दुकानदार बंधूंना एक विनंती. गिऱ्हाईक नुसते "वायसर द्या" म्हणाले तर आधी विचारा, "कशाला लावायचा?" या एका प्रश्नाने त्याचा माल वाचेल, आणि पुढच्या वेळी तो तुमच्याच दुकानी येईल.