शहाळ्याचे पाणी

वैशाखाच्या उन्हात कोणी शहाळे सोलून हातात दिले, की जीव थंडावतो. आम्हालाही ते फार आवडते. फळ साधारण सात महिन्यांचे झाले, की त्यात पाणी भरपूर असते. त्यात थोडी साखर असते. पोटॅशियम नावाचा क्षार पुष्कळ असतो. मीठ मात्र फार कमी.

ही मिठाची गोष्ट नीट ध्यानात घेऊ. पोराला जुलाब लागले, की आपण म्हणतो, "शहाळ्याचं पाणी द्या!" पण जुलाबात पाण्याबरोबर मीठही जाते. ते नुसत्या शहाळ्याने भरून येत नाही. दवाखान्यातून जलसंजीवनीची पुडी आणावी. पुडी नसली, तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्यावे. त्यात चहाच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त पडू देऊ नये. घोट घोट पाजत राहावे. डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर लगेच डॉक्टरकडे न्यावे.

मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाने डॉक्टरला विचारल्यावाचून शहाळे पिऊ नये. जादा पोटॅशियम लघवीवाटे जात नाही. ते रक्तात साचते, मग हृदयाचे ठोके चुकतात.

शहाळे फोडले, की लगेच प्यावे. आंबूस वास आला, आत बुळबुळीत लागले, तर टाकून द्यावे. डेन्मार्क देशात एका माणसाने महिनाभर घरात ठेवलेल्या सोललेल्या नारळाचे पाणी तोंडाला लावले. चव घाण लागली म्हणून तो लगेच थांबला. तरी तो वाचला नाही.